आपलंच कीर्तन

चित्रकाराला हल्ली नुसतं चित्र काढून भागत नाही. ते का काढलं, कसं काढलं, काढताना आत काय चाललं होतं आणि आत जे चाललं होतं त्यावर कोणाकोणाचा प्रभाव होता, हे सगळं छापून दाराशी ठेवावं लागतं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. भिंतीवर चित्रं, टेबलावर कागद. लोक आधी कागद उचलतात.

चित्रं काय, कुठे पळून जात नाहीत.

कागदावरचा मजकूर साधारण ठरलेला. स्मृती, अवकाश, विस्थापन, अस्तित्व. हे चार शब्द आलटूनपालटून मांडले की निवेदन तयार. या दालनातला कागद उचलून शेजारच्या दालनात ठेवला तर कोणाच्या लक्षात येईल? चित्रकाराच्या तरी?

मग येतात प्रभाव. चित्रकार असेल तर व्हॅन गॉग हमखास. कथाकार असेल तर काफ्का. कवी असेल तर नेरुदा. आणि कोणीही असला तरी शेवटी तुकोबा. तुकोबांचं नाव घेतलं की टाळ्या पडतात आणि विषय संपतो. गेलेल्या माणसाचा प्रभाव सांगण्यात एक सोय आहे. तो मागच्या रांगेतून उठून ‘माझा काय संबंध?’ असं विचारत नाही.

जिवंतांचा प्रभाव कोण सांगणार? बरोबरच्या मित्राची चित्रं विकली गेली म्हणून आपणही उचललेला पिवळा रंग. गॅलरीवाल्याचं ‘जरा मोठ्या साइजमध्ये करा ना, निळ्यात’. गिऱ्हाइकाचा सोफा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. यांच्यावर परिसंवाद होत नाहीत. प्रभाव विचारले की आपले कलाकार वंशावळ वाचून दाखवतात. उधारीची वही मात्र गादीखाली.

आषाढ जवळ आला की ही सगळी मंडळी पंढरपूरकडे वळतात. प्रेरणा घ्यायला.

आधी छायाचित्रकार. माउलींची पालखी पुणे सोडून सासवडकडे निघाली की दिवे घाटात माणसांपेक्षा कॅमेरे जास्त. मग तीच चित्रं. घाटातली नागमोडी रांग. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली सुरकुतल्या चेहऱ्याची आजी, अर्थातच कृष्णधवल. रिंगणात चारही पाय हवेत असलेला अश्व. विचारा, प्रेरणा कुठली? ‘भक्ती.’ कसली भक्ती? गेल्या वर्षीच्या पेपरचं पहिलं पान.

काहींनी वारी वरून पाहिली. उद्धव ठाकरे यांचं ‘पाहावा विठ्ठल’ हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक २०११ साली आलं. चित्रं देखणी आहेत, वाद नाही. वरून गर्दीचा आकार दिसतो, पायाचे फोड दिसत नाहीत. पुढे २०२० च्या आषाढीला हेच छायाचित्रकार मुख्यमंत्री म्हणून स्वतः गाडी चालवत महापूजेला पंढरपुरात आले. करोनामुळे पायी वारी बंद होती, पादुकाही बसने आल्या होत्या.

जमिनीवरून पाहायची वेळ आली आणि पाहायला कोणी नव्हतं.

याच्या उलट दि. बा. मोकाशी. पालखीबरोबर पायी चालले आणि १९६४ मध्ये ‘पालखी’ हे पुस्तक दिलं. मराठीत वारीवर इतकं सरळ क्वचितच कोणी लिहिलं असेल. भक्तीचा गहिवर नाही आणि शहाण्याची टिंगलही नाही. हा माणूस पोटासाठी रेडिओ दुरुस्त करायचा. बिघाड शोधायची सवय असलेल्याला गहिवर येतो जरा उशिरानेच.

सिनेमावाल्यांनाही पंढरी सापडली आहे. २०१४ साली ‘लय भारी’ आला, अजय-अतुल यांनी विठ्ठलाच्या गाण्याला असा काही ढोल दिला की गणपतीच्या मिरवणुकीतही तेच वाजू लागलं. हरकत नाही, विठोबाला सगळ्याची सवय आहे. पण त्याच वर्षी दुसरा एक सिनेमा आला. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’, कथा मधुगंधा कुलकर्णींची. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जातं आणि पोरं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्या विकायला बसतात. साक्षात्कार नाही, पार्श्वभूमीला बासरी लावून केलेलं गूढ काही नाही. हिशेब आहे.

पंढरपूरकराला तो सिनेमा लगेच कळला. बाहेरच्याला एकादशी म्हणजे भक्तीचा महापूर. गावाला ती सीझन. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. कुंकू, बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा, टाळ, खोलीचं भाडं. या सिनेमाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बालचित्रपट! अर्थशास्त्राच्या खात्यात पुरस्कार नव्हता, म्हणून असेल.

आता स्पर्धा परीक्षेचा प्रश्न. पंढरपुरात जन्मलेला सर्वांत महागडा कलाकार कोण?

मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५, पंढरपूर. त्यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात १३.७५ दशलक्ष डॉलरला गेलं. म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला तोवर इतकी किंमत कधी आली नव्हती. त्याआधी कित्येक दशकं हे चित्र ऑस्लोतल्या एका रुग्णालयाच्या मालकीचं होतं. भारतातलं खेडं, पंढरपूरचा माणूस, नॉर्वेचं हॉस्पिटल, अमेरिकेचा हातोडा.

याला म्हणतात यात्रा.

हुसेन बोलायला कधी लाजले नाहीत. प्रसिद्धीची जाण त्यांना चांगलीच होती, काही जणांच्या मते गरजेपेक्षा जास्त. पण प्रभाव विचारले की हा माणूस काय सांगायचा? सिनेमाचे होर्डिंग. मुंबईत परांचीवर चढून, चौरस फुटामागे काही आणे अशा मजुरीने नट-नट्यांचे प्रचंड चेहरे रंगवणं. नंतर खेळणी आणि लहान मुलांच्या फर्निचरचे नमुने करणं. दूरवरून दिसेल अशी रेघ, एका झटक्यात भरायची जागा, पाहणाऱ्याची नजर रस्त्यावरून ओढून घ्यायची हातोटी. हे कुठल्या कलाशाळेत शिकवतात? तिथे तर होर्डिंगला नाक मुरडायला शिकवतात.

नाही म्हणायला प्रतिष्ठित प्रभावही होतेच. १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात, चित्रकार सूझा बरोबर असताना, मथुरेची आणि गुप्तकालीन शिल्पं पाहिली आणि बायकांच्या आकृत्या बदलल्या. लघुचित्रांतून सपाट, झणझणीत रंग आले. १९५२ मध्ये चीनला जाऊन आले आणि घोड्यांना वेग आला. पण हे सगळं त्या होर्डिंगच्या हाताने घेतलेलं. पाया तो, मजले नंतरचे.

आणि पंढरपूर? दीड वर्षाचं पोर असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड इंदूरला गेलं. एवढ्याशा पोराला गाव काय आठवणार?

काहीच नाही. आणि नेमकं तेच त्यांनी आयुष्यभर वापरलं. आईचा चेहरा आठवत नाही, तिचा फोटोही नाही, म्हणून चित्रातल्या बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसांची अख्खी मालिका केली, तीही बिनचेहऱ्याची. हे शंभर टक्के खरं की मुलाखतींत घासून घासून गुळगुळीत झालेली गोष्ट? दोन्ही असेल. पण पोकळीचा प्रभाव सांगणारा चित्रकार निदान व्हॅन गॉगच्या मागे तरी लपला नाही.

अनवाणी चालण्याचंही तसंच. १९६४ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध गेले आणि हुसेननी पायातले जोडे काढले, असं ते सांगायचे. घरी मराठी बोलणारा हिंदीचा कवी, त्याच्यासाठी पंढरपूरचा चित्रकार अनवाणी. मुंबईच्या एका बड्या क्लबाने यावरून त्यांना दारातूनच परत पाठवलं. क्लबाला मुक्तिबोध माहीत नसावेत. जोडे माहीत होते.

मग १९९६ उजाडलं. सत्तरच्या दशकात काढलेली देवदेवतांची रेखाटनं एका हिंदी मासिकाने छापली आणि देशातल्या समस्तांना एकाएकी हुसेनची निर्मितीप्रक्रिया समजून घ्यावीशी वाटू लागली.

कोर्टात.

ठिकठिकाणी खटले. १९९८ मध्ये घरावर हल्ला. २००६ मध्ये हुसेननी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, निकालपत्रही वाचण्यासारखं आहे. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला गेले ते कायमचे. त्या बारा-पंधरा वर्षांत, एरवी स्वतःच्या अंतर्मनावर तासभर बोलू शकणारे किती कलाकार या विषयावर पाच मिनिटं बोलले? हाताची बोटं पुरतील. अंतर्मनावर बोलायला धोका नसतो.

असो. पंढरपुरात समजावून सांगण्याची परंपरा काही नवी नाही. नदीच्या वाळवंटात शेकडो वर्षं कीर्तन चाललंय. कीर्तनकार उभा राहतो, एक अभंग घेतो आणि दोन तास त्याचं निरूपण करतो. दृष्टांत देतो, हसवतो, रडवतो, टोमणे मारतो. पण अभंग कोणाचा असतो? नामदेवांचा, ज्ञानोबांचा, तुकोबांचा. दुसऱ्याचा!

आजच्या कलाकाराने ही एवढीच अट काढून टाकली. अभंगही त्याचाच, निरूपणही त्याचंच आणि मागे टाळ धरून उभे राहिलेले त्याचेच विद्यार्थी.

प्रभाव सांगायची संतांची तऱ्हाही बघा. तुकोबांनी स्वच्छ सांगून टाकलं की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, आपलं राहिलेलं कवित्व पुरं कर म्हणाले. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं. म्हणजे देहूचा वाणी पंढरीच्या शिंप्याचं अर्धवट काम हाती घेतो आणि ते अभंगातच कबूल करतो. आजचा कवी असता तर? ‘नामदेव मी फार उशिरा वाचला. तोवर माझी शैली घडली होती.’

सहीसुद्धा कवितेच्या आतच. नामा म्हणे, जनी म्हणे, चोखा म्हणे, तुका म्हणे. वेगळा कागद नाही. जनाबाईंनी तर मालकाच्या घराण्याचा उल्लेख करून ठेवला आणि जात्यावरचं कामही. दळता दळता रचलं, बस्स. यावर ‘श्रम आणि स्त्रीदेहाचा अवकाश’ असा प्रबंध आपण करतो. ते ठीकच आहे. विद्यापीठांनाही पोट आहे.

नरहरी सोनारांची आख्यायिका तर प्रत्येक व्यावसायिक कलाकाराने फ्रेम करून लावावी. कट्टर शिवभक्त सोनार, आणि काम आलं विठ्ठलाच्या कमरेच्या साखळीचं. देवाचं तोंड बघणार नाही म्हणून दुसऱ्याने आणलेल्या मापावर साखळी केली. एकदा आखूड झाली, एकदा लांब. गिऱ्हाइकाने काम परत पाठवलं. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले, हाताला महादेव लागला, पट्टी काढली तर विठ्ठल. हरिहर ऐक्य वगैरे बोध कीर्तनकार सांगतीलच. आमच्या लक्षात राहतं ते इतकंच, की साक्षात्कार झाला तो माप घेताना.

एक प्रभाव मात्र सांगताना सगळेच जपून बोलतात. चोखोबांचा. अभंग गातात, चाली लावतात, गिटारवर घेतात. त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या बाहेर का आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. त्याच मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरातच उपोषणाला बसावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. चोखोबांना जाऊन सहाशे वर्षं झाली होती. ‘संतपरंपरेचा प्रभाव’ असं म्हणताना यातली नेमकी कोणती परंपरा?

हाच प्रश्न पंढरपूरच्याच जिल्ह्यातल्या एकाने कॅमेऱ्यातून विचारला. करमाळा तालुक्यातलं जेऊर, नागराज मंजुळे. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेने. यावर कोणत्या युरोपीय दिग्दर्शकाचा प्रभाव, याची चर्चा करणारे आपल्याकडे आहेत. करू देत. दगड इथलाच आहे.

आता पंढरपुरातलीच एक जागा. कैकाडी महाराजांचा मठ. बोळाबोळांतून वळत जायचं, देव, पुराणं, संत, देशभक्त, पुतळ्यांमागून पुतळे. कोचीच्या बिएनालेत असता तर याला ‘इमर्सिव्ह इन्स्टॉलेशन’ म्हटलं असतं आणि त्यापुढे लोक गंभीर चेहऱ्याने, हात मागे बांधून उभे राहिले असते. इथे आयाबाया पोरांना म्हणतात, ‘बघ लवकर, मागं गर्दी झालीय.’ कलासमीक्षा म्हणून दोन्हींत फारसा फरक नाही. दुसरी लवकर संपते.

कलाकाराने बोलूच नये, असं आम्ही म्हणत नाही. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ लिहिलं, १९९० साली. चित्र कसं घडतं यावर मराठीत त्याहून नितळ पुस्तक दाखवा. पण बरवे लिहीत होते ते वस्तूंबद्दल, आकारांबद्दल, रिकाम्या जागेबद्दल. स्वतःबद्दल सर्वांत कमी. आणि वासुदेव गायतोंडे? नागपूरला जन्मलेला हा चित्रकार दिल्लीत एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायचा, वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करायचा आणि बाकीचा वेळ गप्प बसायचा. आज त्यांच्याही चित्रांना कोट्यवधींची बोली लागते.

गप्प बसण्याचा दर इतका चढा असेल हे कोणाला माहीत होतं?

पण आमचा आवडता माणूस म्हणजे कवी अरुण कोलटकर. मुलाखतींचा कंटाळा. घरी फोन नाही. पोटासाठी जाहिरात कंपनीत कला-दिग्दर्शक, आणि तेही नावाजलेले. कवयित्री युनिस डिसूझांनी एकदा आवडते कवी-लेखक विचारले, तेव्हा कोलटकरांनी यादी दिली. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकाराम. ठीक, सगळेच सांगतात. पण त्यात मर्ढेकर, होनाजी, पठ्ठे बापूराव, ढसाळ, गोडसे भटजी, अगाथा ख्रिस्ती, बॉब डिलन, मडी वॉटर्स, कुरोसावा. यादी संपायलाच तयार नाही. शेवटी लॉरेल आणि हार्डी.

ही यादी नव्हे, हा प्रश्नाचा सत्कार होता.

त्या यादीत बळवंतबुवा हेही एक नाव आहे. ते काफ्का नव्हेत, नोबेलवाले नव्हेत. भजन गाणारे बुवा. त्यांच्या गप्पा कोलटकर वर्षानुवर्षं ऐकत आणि टिपून ठेवत होते. अर्जुन शेजवळांकडे जाऊन पखवाज शिकले. पंढरपूरचा प्रभाव पडायचा तर असा पडतो. बोटं दुखेपर्यंत. यावर त्यांनी कुठे भाषण दिलं नाही. ‘जेजुरी’ या कवितासंग्रहाला १९७७ चं राष्ट्रकुल पारितोषिक मिळालं तेव्हाही माणूस प्रकाशकांच्या मागे धावला नाही. पुढची मराठी पुस्तकं बरीच वर्षं पडून राहिली आणि अखेर अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनातर्फे आली.

कोलटकरांना गाठायचं तर एकच उपाय होता. गुरुवारी दुपारी काळा घोडा भागातल्या वेसाइड इनमध्ये जाऊन त्यांच्या टेबलाशी बसायचं. तिथे मित्र जमायचे, चहा व्हायचा, खिडकीबाहेर चौक दिसायचा. त्या चौकातल्या कुत्र्यांवर, भंगारवाल्यांवर, इडली विकणाऱ्या बाईवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. कोणाचा प्रभाव, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. समोरच तर होता, रस्ता ओलांडत.

वेसाइड इन बंद झालं. कोलटकर २००४ मध्ये गेले. त्या चौकाच्या आसपास आता दर वर्षी कलामहोत्सव भरतो आणि कलाकार येऊन आपल्या निर्मितीप्रक्रियेवर बोलतात. प्रवेश विनामूल्य. जरा लवकर जा, पुढच्या खुर्च्या इतर कलाकारांनी धरलेल्या असतात.